यमराज येतात, चहा घेतात, जातात

गणपती जवळ आले की मंडळाला एक नाटुकलं लागतं आणि नाटुकल्याला एक बकरा लागतो. यंदा तुमचं नाव निघालं असेल तर घाबरू नका. मागच्या वर्षी तो बकरा मी होतो, आणि आजतागायत माझ्यावर एकही तक्रार दाखल नाही. अनुभवाचे चार शब्द सांगतो, गाठीला बांधून ठेवा.

लिहायला बसण्याआधी सकाळी कचरागाडी बघून घ्या. आमच्या इंदुरात कचरा दोन प्रकारचा नसतो, सहा प्रकारचा असतो: ओला, सुका, प्लास्टिक, इलेक्ट्रॉनिक, सॅनिटरी आणि सहावा घातक. मुदत संपलेल्या गोळ्या, रंगाचे डबे, फुटलेला थर्मामीटर, सगळं त्या सहाव्यात. 2017 पासून शहर स्वच्छतेत पहिलं येतंय ते उगाच नाही. एकदा मी केळ्याचं साल सुक्यात टाकलं, तर गाडीवरच्या ताईंनी अख्ख्या रामबागेला ऐकू जाईल असं झापलं होतं.

शब्दांचंही तसंच. मनात आला की आधी विचारा, हा कुठल्या डब्यातला? पावसाळ्यातल्या खड्ड्यांवरचा विनोद ओला. नवरा-बायकोचा सुका, तो इतकी वर्षं वाळत पडलाय की त्याला आता वाससुद्धा येत नाही. देव, संत, जात, इतिहास, पेहराव, ताटातला पदार्थ आणि आडनाव हे सगळं सहाव्यात. मधल्या तीन डब्यांत काय टाकायचं ते मला अजून कळलेलं नाही, कारण सहावाच भरून वाहत असतो.

हे ज्ञान मला तेव्हा नव्हतं. मी आपला भाबडेपणानं ‘यमराज इंदुरात’ असं काहीतरी लिहून बसलो. लोकमान्य नगरातल्या एका निवृत्त अकाउंटंटला न्यायला यमराज येतात. रेडा राजवाड्यापाशी जाममध्ये अडकतो. तिथेच तो शेण टाकतो आणि पालिकेचा माणूस चलान फाडतो. यमराज सुट्टे शोधतात. चित्रगुप्त वही उघडतो, तर म्हाताऱ्याच्या आडनावाचं स्पेलिंग जुळत नाही. म्हातारा म्हणतो, “बसा हो, घाई काय आहे? पोहे घ्या.” जीरावन मसाला भुरभुरवलेले पोहे खाऊन यमराज दुसरी प्लेट मागतात आणि तेवढ्यात मुहूर्त टळतो. बस, एवढंच.

वाचन अप्पांच्या हॉलमध्ये झालं. सात जण होते. पहिली पाच मिनिटं सगळे खदखदून हसले. तुमच्याकडे असं झालं तर तिथेच थांबा, ही धोक्याची पहिली खूण आहे. हसून झाल्यावर माणसाला आठवतं की आपण कशावर हसलो.

अप्पांनी चष्मा पुसत विचारलं, “काय रे, यमराज देव आहेत ना?”

“आहेत. दक्षिणेचे दिक्पाल.”

“मग ते खिशात सुट्टे शोधतील?”

इथे मी जी चूक केली ती तुम्ही करू नका. मी कायदा सांगायला लागलो. म्हटलं अप्पा, भारतीय न्याय संहितेचं कलम 299, म्हणजे जुनं 295-अ, त्यात स्पष्ट आहे की अपमान जाणूनबुजून आणि दुष्ट हेतूनं केलेला असला पाहिजे. 1957 मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही हेच धरून ते कलम टिकवलं. सहज, अनवधानानं, दुष्ट हेतू नसताना काही बोललं गेलं तर ते त्यात बसत नाही. शिवाय घटनेचं अनुच्छेद 19 आहे, बोलण्याच्या स्वातंत्र्याचं, आणि 25 आहे, धर्माच्या स्वातंत्र्याचं.

“आणि हे सगळं तू कोणाला सांगणार?”

“न्यायाधीशांना.”

“त्यांच्यापर्यंत पोहोचेस्तोवर कुठे राहणार?”

तुम्हाला कायद्याचा फारच पुळका असेल तर या कलमाची जन्मकथा वाचून ठेवा. लाहोरात 1920च्या दशकात पैगंबरांवर एक पुस्तिका निघाली. प्रकाशकावर खटला चालला आणि 1927 मध्ये तो सुटला, कारण त्याला बसवावं असं कलमच नव्हतं. मग त्याच वर्षी कलम आणलं. दोन वर्षांत एका पोरानं त्या प्रकाशकाला भर दिवसा भोसकून मारलं. पोराला फाशी झाली. प्रकाशक गेला, मारेकरी गेला आणि कलम तेवढं राहिलं. कलम ज्या समितीनं तपासलं तिच्यात बॅरिस्टर जिना होते. प्रामाणिक टीका करणाऱ्याला यातून संरक्षण हवं, असं त्यांनी तेव्हा बजावलं होतं. पुढे त्या मारेकऱ्याचं अपील घेऊनही तेच उभे राहिले. वकील माणूस, दोन्ही डबे वेगळे ठेवणारा.

अप्पांनी उदाहरण मात्र घराजवळचं दिलं. 1 जानेवारी 2021, छप्पन दुकान, म्हणजे आमची खाऊगल्ली. तिथल्या एका कॅफेत मुनव्वर फारूकी नावाचा विनोद करणारा पोरगा कार्यक्रमाला आला आणि रात्री ठाण्यात गेला. त्या संध्याकाळच्या चित्रफितीत देवांचा अपमान करणारं काही सापडलं नाही, असं पोलिसांनीच म्हटल्याच्या बातम्या आल्या. पण उच्च न्यायालयाच्या इंदूर खंडपीठानं जामीन नाकारला. सर्वोच्च न्यायालयानं 5 फेब्रुवारीला दिला, आणि पोरगा तुरुंगातून सुटला तो आणखी एका दिवसानं, मध्यरात्रीच्या सुमारास. विनोदाला इतकी लांब दाद अलीकडच्या काळात कुणाला मिळाली नसेल.

“तो तर न केलेल्या विनोदावर गेला,” अप्पा म्हणाले. “तुझा तर टाइप केलेला आहे.”

आमच्यात एक ड्रॉइंगचे मास्तर आहेत. ते सहसा बोलत नाहीत, बिस्किटं खातात. ते म्हणाले, चित्रकार मकबूल फिदा हुसेन इथलाच. हुसेन जन्मले पंढरपूरला, वाढले इंदुरात, आणि शिकले इथल्या चित्रकला शाळेत देवळालीकर मास्तरांकडे. नारायण श्रीधर बेंद्रेही त्यांचेच विद्यार्थी. हुसेननी 1970च्या दशकात सरस्वतीचं एक रेखाचित्र काढलं. वीसेक वर्षं ते पडून होतं आणि कुणाचं काही दुखत नव्हतं. 1996 मध्ये भोपाळच्या एका हिंदी मासिकानं ते छापलं, आणि मग भावना दुखावल्या. खटल्यांमागून खटले झाले. 2006 मध्ये ते देश सोडून गेले. 2008 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं खटले रद्द केले, तरी ते परतले नाहीत. 2010 मध्ये कतारचं नागरिकत्व, 2011 मध्ये लंडनमध्ये मृत्यू.

“आणि 2004 मध्ये?” मास्तर म्हणाले. “त्यांच्याच सिनेमातल्या एका गाण्यावर मुस्लिम संघटना चिडल्या, तेव्हा त्यांनी थिएटरमधून सिनेमाच काढून घेतला. त्यांनाही डबे माहीत होते रे.” एवढं बोलून त्यांनी शेवटचं बिस्किट घेतलं.

इतक्यात आमचा तरुण खजिनदार उठला. प्रत्येक मंडळात असा एक असतो, तो तुम्हीच नसाल तर ओळखून ठेवा. म्हणाला, “भिया, नेहमी आपलेच देव का? हिंमत असेल तर त्यांच्यावर लिहून दाखवा!”

या वाक्याचं मोल ओळखा. हे वाक्य बोलणाऱ्याला कुणी खरंच त्यांच्यावर लिहिलेलं नको असतं. लिहिलं तर मंडप कोण सांभाळणार, हा प्रश्न त्यालाच पहिला पडेल. पण वाक्य उच्चारलं की वक्ता शूर ठरतो, लेखक भित्रा ठरतो आणि आपले यमराजही जातात, असं तिहेरी काम होतं. मी फक्त विचारलं, “तू करशील का त्यात काम?” तो म्हणाला, त्याला त्या दिवशी महूला जायचं आहे. दिवस अजून ठरला नव्हता.

काकू हळूच म्हणाल्या, “उदयपूरचा तो शिंपी आठवतो का?” आठवत होता. जून 2022, एका पोस्टवरून दुकानात शिरून गळा चिरला, आणि वर त्याची चित्रफीत काढली. हॉलमध्ये पंख्याचा आवाज ऐकू यायला लागला. इथे विनोद संपतो हे मलाही कळत होतं.

पण तुम्ही तिथे रेंगाळू नका. भीतीचीही वर्गवारी करायची असते. उदयपूरचा शिंपी एका डब्यात ठेवा. डॉ. दाभोलकर, पानसरे, कलबुर्गी, गौरी लंकेश दुसऱ्या डब्यात. दोन्ही झाकणं एकाच वेळी उघडायची नाहीत. कुणी पहिल्याबद्दल बोललं की तुम्ही दुसरं उघडा आणि विचारा, “तेव्हा कुठे होता?” कुणी दुसऱ्याबद्दल बोललं की पहिलं उघडा. मेलेली माणसं एकमेकांना उत्तर म्हणून फार उपयोगी पडतात. सगळ्यांसाठी एकदम वाईट वाटून घेणारा माणूस दोन्ही गटांतून काढला जातो. आमच्याकडे काकूंना काढलं. काढलं म्हणजे, पुढच्या बैठकीचा निरोपच गेला नाही.

आणि बंदीच घालायची असेल तर कागद सांभाळायची फिकीर करू नका. सलमान रश्दींच्या कादंबरीची आयात आपण ऑक्टोबर 1988 मध्ये बंद केली. नोव्हेंबर 2024 मध्ये प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयासमोर होतं, तर ती मूळ अधिसूचनाच कुणाला सापडेना. ती नाहीच असं धरून चालू, असं म्हणून न्यायालयानं प्रकरण मिटवलं. कागदाशिवाय छत्तीस वर्षं चालली बंदी! आपल्या सोसायटीतल्या ‘चपला बाहेर काढाव्यात’ या पाटीचं तरी एवढं कुणी ऐकतं का?

असो. दुरुस्त्यांकडे येऊ.

चित्रगुप्त सर्वांत आधी गेला. कायस्थ मंडळी त्याची पूजा करतात आणि आमच्या वर्गणीदारांत चार घरं कायस्थांची. रेडा ठेवावा की नाही यावर पाऊण तास चर्चा झाली. शेणाला हात लावायचा नाही असं एकमतानं ठरलं. रेड्याच्या जागी स्कूटर आली. पालिकेचा माणूस गेला, कारण शहर नंबर वन आहे आणि तीही एक श्रद्धाच आहे. यमराजांना ‘एक उच्चपदस्थ अधिकारी’ करून पाहिलं, तर अप्पांचा जावई उच्चपदस्थ निघाला. शेवटी ‘पाहुणा’ ठरला. पोह्यांवर आक्षेप येईल असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं, पण नाटुकल्याचा दिवस एकादशीचा निघाला आणि उपासाच्या दिवशी रंगमंचावर पोहे खाणं बरं दिसेना. साबुदाण्याची खिचडी सुचवली गेली. ती गरम ठेवायची कशी यावर अडलं आणि चहा ठरला.

आता नाटुकलं असं झालं. पाहुणा स्कूटरवरून येतो. म्हातारा म्हणतो, “या.” पाहुणा चहा घेतो. म्हणतो, “निघतो.” पडदा.

पडदा पडायला चार मिनिटंही लागली नाहीत. शेजारच्या मंडळाचा डीजे इतका दणदणत होता की ‘या’ आणि ‘निघतो’ हे दोन्ही शब्द कुणालाही ऐकू गेले नाहीत. भक्तीला आवाजाची मर्यादा लागू असते, पण दांडगाई करून ती मोडणाऱ्याला कुणी हेतू विचारत नाही. हेतू फक्त लेखकाला विचारतात. तरी लोकांनी टाळ्या वाजवल्या. अध्यक्ष म्हणाले, “फार स्वच्छ नाटुकलं झालं.”

मी खूश होतो, दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत. मग दुसऱ्या गल्लीतल्या एका काकांचा फोन आला. स्कूटरवरून न सांगता येऊन, चहा पिऊन जाणारा पाहुणा म्हणजे आमच्या व्याह्यांना टोमणा होता, हे सगळ्या रामबागेला कळलंय, असं ते म्हणाले. मी म्हटलं काका, तो यमराज होता. ते क्षणभर गप्प झाले. मग म्हणाले, “म्हणजे तू आमच्या व्याह्यांना यमराज म्हणतोस?”

तेव्हापासून मी मंडळाच्या ग्रुपवर फक्त वेळा टाकतो. आरतीची वेळ, प्रसादाची वेळ. अनंत चतुर्दशीला विसर्जनाची वेळ टाकताना ‘सायंकाळी 6’ ऐवजी ‘16’ पडलं, म्हणून लगेच पुसलं. जागेवर ती करडी ओळ उमटली: हा मेसेज डिलीट करण्यात आला आहे.

दोन मिनिटांत अप्पा: “काय होतं रे?”

मग खजिनदार: “पुसलं म्हणजे काहीतरी असणारच.”

मग त्या काकांचा अंगठा, खाली केलेला.

रात्री दहापर्यंत तीन घरांनी ग्रुप सोडला होता. त्यांतल्या एकांनी जाताना लिहिलं की आजवर बरंच सहन केलं, पण हे फारच झालं.