बोअर घेताय ना? मग हे वाचाच

शेजाऱ्याच्या बोअरला दोन इंची पाणी लागलं? मग आता झोपूच नका, आजच बोअरच्या गाडीवाल्याला फोन लावा, ती गाडी तमिळनाडूतल्या तिरुचेंगोडहून लातूर-बीडपर्यंत येऊन थांबलेलीच असते, गिऱ्हाईक कुठंय ते त्यांना बरोबर कळतं. सर्व्हे-बिर्व्हेच्या नादाला लागू नका. ते भूजलवाले सांगणार की आपल्याकडं खाली काळा पाषाण, पाणी काय ते वरच्या झिजलेल्या थरात नाहीतर भेगांत, उगाच मूड घालवतात. त्यापेक्षा पानाडी बोलवा. तो तळहातावर नारळ आडवा धरून बांधाबांधानं फिरतो आणि नारळ उभा राहिला की इथंच! बहुतेक वेळा शेजाऱ्याच्या बोअरपासून वीस पावलांवर. नारळालाही कळतं हो पाणी कुणाचं ओढायचंय.

२०० फुटांवर नुसता फुफाटा उडतोय? उडू द्या. २००९ च्या भूजल कायद्यात ६० मीटर, म्हणजे साधारण २०० फूट खाली गेलं की ती खोल विहीर, आणि अधिसूचित भागात शेतीसाठी ती घ्यायला बंदी असं लिहिलंय, पण २०० फुटांत आपल्याकडं मशीन गरम तरी होतं का? ५०० सांगा, नाही लागलं तर ७००, फुटावर रेट आहे, सोनं बँकेत ठेवलं की झालं. मुरलं असेल पाणी पणजोबाच्या आधी कधीतरी, आपण काढायला नको?

आणि लागलंच तर ऊसच लावा, मोकाट पाणी सोडून. ठिबकच्या नळ्या उंदरांना ठेवा. सोलर पंपाचा फॉर्म भरलाच असेल, दहा टक्के भरले की बाकी सरकार बघतं, बिल नाही, लोडशेडिंग नाही, सूर्य उगवला की मोटर चालू आणि मावळला की बंद, पाहिजे तेवढंच उपसायचं हे टेन्शनच मिटलं. वर पर्यावरणपूरक म्हणून स्टेटसला फोटो!

उन्हाळ्यात तुमचा आटला, शेजाऱ्याचाही आटला, तरी घाबरू नका. एप्रिल २०१६ मध्ये मिरजहून लातूरला पाण्याची रेल्वे आली होती की, पहिल्या खेपेला १० वाघिणी, ५ लाख लिटर. ती प्यायलाच होती म्हणा, उसाला पुरायची नाही, त्यामुळं उसासाठी वेगळी गाडी सोडा असं निवेदन आत्ताच टाइप करून ठेवा.