लेकीचं लायलॅक आणि अण्णांचं जिबरेलिक

आमच्याकडे मोबाईलला रेंज फक्त गडग्यापाशी, म्हणजे कुंपणाच्या दगडी भिंतीपाशी येते, आणि गडग्याच्या पलीकडे शेजारचे अण्णा. लेक व्हिडिओ कॉलच करणार आणि मला स्पीकरशिवाय ऐकू येत नाही, त्यामुळे तिच्या सासूबाईंचा गुडघा आता कसा आहे हे आमच्या हिच्याआधी अण्णांना कळतं.

रविवारी संध्याकाळी, म्हणजे तिकडे मिशिगनला सकाळी, तिनं अंगणातलं बुटकं लायलॅक, म्हणजे सुवासिक फुलांचं झुडूप, दाखवलं. ब्लूमरँग नावाची जात, 2009 च्या सुमारास बाजारात आलेली. चार-पाच फुटांवर जात नाही, मे महिन्यात फुलतं, ऐन उन्हाळ्यात दम खातं आणि नंतर थंडी पडेपर्यंत परत फुलत राहतं. मला सगळं पाठ आहे. इथं ते जगायचं नाही तरी पाठ आहे, कारण त्याला कडक हिवाळा लागतो आणि देवगडात थंडी म्हणजे पंखा तीनवरून एकवर.

म्हटलं, फुलं सुकलीयत ना, मग आत्ताच वाळके तुरे काढ, हलकी छाटणी कर, नवी फूट आली की तिच्यावर दुसरा बहर येईल. ऑक्टोबरात मात्र कात्री लावू नकोस, पुढच्या मे महिन्याच्या कळ्या तोवर धरलेल्या असतात. युरिया-बिरिया नको, नुसता पाला माजेल. यावर कन्या म्हणाली, "हं."

एवढ्यात गडग्यावरून अण्णांचं डोकं वर आलं. हातात कोयती.

"वर्षातना दोनदा फुलता? गो बाय, ह्यो पुनर्मोहर!"

डॉक्टरनं एक्स-रे बघून सांगावं तसं. आता हापूसवाल्याला पुनर्मोहर म्हणजे काय ते विचारा. कैरी धरलेली असताना त्याच काडीवर परत मोहर येतो, झाडाचं अन्न तिकडे पळतं आणि आधीची फळं पटापट गळतात. ज्या गुणासाठी अमेरिकेत लोक डॉलर मोजतात तो अण्णांच्या लेखी रोग.

"जिबरेलिक मारूक व्हया. पन्नास पीपीएम."

जिबरेलिक म्हणजे पुनर्मोहर थांबवायला आंब्यावर फवारतात ते संजीवक. मी म्हटलं, अण्णा, त्याला फळं नकोत, फुलंच हवीयत.

"फळ नाय? मगे ह्यां झाड लावलास कित्याक?"

लेक हसायला लागली. "बाबा, एक मिनिट, काकांना बोलू द्या ना." मग तिनं गेल्या ऑगस्टमधला फोटो दाखवला, पानांवर पांढरी पावडर. अण्णा मोबाईलला नाक लावून म्हणाले, "भुरी. गंधक मार. गर्दी झाली आसात तर फांदये विरळ कर, वारो खेळाक व्हयो." हे बरोबर होतं, त्याचाच जास्त राग आला. वर जाता जाता म्हणाले, सुकले तुरे ते आताच काढून टाक.

"काका किती प्रॅक्टिकल सांगतात ना! थांबा, लिहून घेते."

लिहून घेते! तुरे मी सांगितले तेव्हा पेन कुठे होतं? मोबाईल माझा, डेटा माझा, हात वर करून उभा मी, डास मला चावतायत, आणि सल्लागार अण्णा. हेच अण्णा, माझ्या कलमांना मोहरात भुरी आली तेव्हा फवारणीचा पंप मागितला तर वॉशर गेलाय म्हणाले होते, आणि दुसऱ्या दिवशी त्याच पंपानं स्वतःची बाग फवारत होते. तेव्हाही मी काही बोललो नाही, शेजार आहे, गडगा सामायिक आहे, शिवाय आमचा फणस त्यांच्या बाजूला झुकलेला. ही म्हणते, तुम्ही उगाच मनाला लावून घेता. घेतो!

आज सकाळी अण्णा कागद घेऊन हजर. मिशिगनच्या झाडाचं फवारणीचं वेळापत्रक, निळ्या शाईत, जिबरेलिकखाली दोन रेघा, बाजूला 'दापोली विद्यापीठाची शिफारस'.

"चेडवाक फोटो काढून धाड."

रेंज नाही म्हणून सांगितलं. ते मला गडग्यापाशी उभं राहून सांगितलं.