सही करायची कुणी?

"एक वर्ष बुडालं तर काय आभाळ कोसळतंय? जीव राहिला तर शाळा." हे वाक्य आमच्या घरच्या ग्रुपवर इतक्यांदा येऊन गेलंय की आता ते दिसलं तरी माझं डोकं उठतं. आता जानेवारी २०२२ आहे, कोरोनात एक वर्ष म्हणता म्हणता दोन होत आली. मार्च २०२० मध्ये शाळेला कुलूप लागलं तेव्हा माझी भाची तिसरीत होती. चौथीचा वर्ग तिने पाहिलाच नाही. गेल्या ४ ऑक्टोबरला खेड्यांतले पाचवीपासूनचे वर्ग उघडले, जेमतेम तीन महिने ती शाळेत गेली आणि ८ जानेवारीला सरकारने पुन्हा बंदची घोषणा केली, १५ फेब्रुवारीपर्यंत. ती दोन आठवडेही टिकली नाही. २० तारखेला शिक्षणमंत्री वर्षा गायकवाड यांनी जाहीर केलं की २४ पासून शाळा भरवायला हरकत नाही. निर्णय स्थानिक प्रशासनाने घ्यावा आणि मूल पाठवायचं की नाही ते पालकांनी ठरवावं, संमतीपत्र देऊन. दादाने त्या कोऱ्या संमतीपत्राचा फोटो ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, "आम्ही काय सही करत नाय." लगेच अंगठ्यांची रांग.

मी लिहिलं, "का?" त्यावर आलेलं उत्तर अपेक्षितच होतं. तुला तिकडे बसून काय कळतंय.

तिकडे म्हणजे इंग्लंडात, लेस्टरला. काय कळतं ते सांगते. रविवारी रात्री जेवणं झाली की आमच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर लॅटरल फ्लोचं, म्हणजे घरी करायच्या कोरोना चाचणीचं, पाकीट निघतं. मुलगी आठवीत आहे. ती नाकात काडी फिरवते, दोन शिंका देते, थेंब टाकते आणि अर्ध्या तासाने एकच रेघ आली की फोनवर नोंद करून पीईचं, म्हणजे खेळाच्या तासाचं, किट भरायला घेते. धाकट्याला तेही नाही. वर्गाच्या खिडक्या जानेवारीतही उघड्या, त्यामुळे पोरं कोट घालून गणितं करतात. सरकारने शाळांना कार्बन डायऑक्साइड मोजायची यंत्रं पाठवली आहेत. आकडा वाढला की बाई आणखी एक खिडकी उघडतात. मूल घरी ठेवायचं ठरवलंच तर कौन्सिलचं, म्हणजे इथल्या नगरपालिकेचं, पत्र येतं. दंड या २०२२ साली साठ पौंड, एकवीस दिवसांत भरला नाही तर एकशेवीस. आई-बापाला वेगवेगळा, दर मुलामागे. मला त्या पत्राचा राग येत नाही. उलट, कुणीतरी ठरवून टाकलंय म्हणून बरंच वाटतं.

दादा म्हणतो, तुमच्याकडच्या शहाणपणाचं कौतुक नको. मागच्या जानेवारीत तुमच्या पंतप्रधान बोरिसने रविवारी टीव्हीवर सांगितलं शाळा सुरक्षित आहेत, सोमवारी एक दिवस भरवल्या आणि त्याच रात्री बंद केल्या. खरं आहे. त्या मार्च महिन्यात ८ तारखेला त्या उघडल्या, तोवर माझी मुलं शाळेतच होती, कारण मी फार्मसीच्या काउंटरवर उभी असते आणि की वर्करच्या, म्हणजे अत्यावश्यक सेवेतल्यांच्या, मुलांना वर्ग चालू होते. जून २०२० मध्ये ईयर सिक्सला, म्हणजे सहावीला, बोलावलं तेव्हाही मला असाच 'पाठवणार का' विचारणारा फॉर्म आला होता. मी बसथांब्यावर उभ्या उभ्या 'हो' केलं. पुढे जुलैच्या सुरुवातीला सगळा देश मोकळा होत असताना एकट्या लेस्टरला पुन्हा कुलूप लागलं, शाळांसकट. त्यामुळे टाळेबंदी आणि साथ यांतलं आम्हाला काही कळत नाही असं कुणी म्हणू नये.

आता आमच्या दापोलीकडच्या गावचं बघा. हर्णैला संध्याकाळी मासळीचा लिलाव लागतो, खांद्याला खांदा लावून. चालतो. लग्नांना या जानेवारीत पन्नास माणसांची परवानगी आहे आणि किती जेवून जातात ते वाढप्यांना विचारा. मोहोर आलाय म्हणून बागेत राखणीला नेपाळी गडी आले, फवारणीची माणसं रोज वेगळ्या वाडीतून येतात. त्यांच्यासाठी कुणी संमतीपत्र भरून घेतल्याचं मी ऐकलं नाही. आणि शाळा केवढी? जिल्हा परिषदेची, द्विशिक्षकी, पटावरची सगळी मुलं मिळून एसटीच्या मागच्या दोन बाकांवर मावतील. अंतर राखा असं सांगायचीसुद्धा गरज नाही. इकडे यंत्र लावून खिडक्या उघडतात, तिकडे लांबच्या लांब पडवी आहे, पुढे आंब्याची सावली आहे. निसर्ग वादळाने ३ जून २०२० ला पत्रे उडवले तेव्हा तर वरूनही हवा खेळती होती.

त्या वादळाआधी शाळेत कोण राहत होतं आठवतंय का? चाकरमानी. मे महिन्यात मुंबईहून आलेल्यांना चौदा दिवस वर्गात ठेवलं होतं. फळ्याखाली गाद्या, खिडकीच्या गजांवर टॉवेल आणि वहिनी दोन वेळा डबा घेऊन फाटकापर्यंत जायची. मुंबईकर येणार म्हटल्यावर गावाने वेशीवर बांबू आडवे टाकले. ग्राम कृती दल बसलं: सरपंच, पोलीस पाटील, आशाताई, गुरुजी. कुणी कुठे राहायचं, पाणी कुठलं वापरायचं, बाहेर कधी पडायचं, सगळं गावाने ठरवलं. तेव्हा कुणी म्हटलं नाही की ज्याचा त्याने निर्णय घ्यावा. मग मुलांची वेळ आल्यावरच गाव कुठे गेलं? माझं भांडण इथे आहे. कोरा कागद घरोघरी धाडायचा आणि एकेका आईने रात्री चुलीपुढे बसून ठरवायचं. काही झालं तर? सही तुझी होती. एवढं ओझं गावाने वाटून घेतलं असतं, डॉक्टरांना बोलावून एक बैठक घेतली असती, तर निम्म्या घरांनी निमूट मुलं पाठवली असती.

'शाळा बंद पण शिक्षण आहे' हे मला सांगू नका. सह्याद्री वाहिनीवर शाळेच्या धड्यांचं टिलीमिली लागायचं, चांगलं होतं, लाइट असेल तेव्हा. वादळानंतर आमच्याकडे कित्येक आठवडे लाइट नव्हती. फोन एकच, तो दादाबरोबर बागेत. व्हॉट्सअ‍ॅपवरचा स्वाध्याय रात्री साडेआठला येणार, भाची पेंगत पेंगत उत्तरं दाबणार. वाडीतली मोठी मुलं रेंजसाठी सड्यावर चढायची, पावसात छत्री धरून. मध्ये तिच्याकडून व्हिडिओ कॉलवर धडा वाचून घेतला. जोडाक्षर आलं की ती थांबते, स्क्रीनकडे बघून हसते आणि पुढच्या शब्दावर उडी मारते. 'ज्येष्ठ' तिने तीनदा टाळला. याच वयात आम्ही गुरुजींच्या धाकाने श्रावणात पाढे म्हणत चिखलातून जायचो, असं मी बोलून गेले. वहिनीने फोन हातात घेतला. आम्हीही तेच म्हणतोय, म्हणाली, तेव्हा चिखलच होता फक्त.

दादा हरला की रिझल्ट काढतो. दहावीचा गेल्या वर्षीचा निकाल, कोकण विभाग शंभर टक्के, राज्यात पहिला. राज्याचा ९९.९५ टक्के होता आणि परीक्षाच झाली नव्हती, हे मी त्याला दर वेळी सांगते. कोकण बोर्ड एरवीही पहिलं येतं, हे तो मला सांगतो. त्याचा मला आतून अभिमान आहे. इथल्या मैत्रिणींपुढे मीही तोच आकडा फेकते.

पण वहिनीशी बोलताना माझी गाडी अडते. ती रागावत नाही. "तुझ्या घरात म्हातारं माणूस कोण आहे गो?" एवढंच विचारते. माझ्या घरात कुणी नाही. नवरा, मी, दोन मुलं. मुलाने शाळेतून काही आणलं तर चार दिवस पॅरासिटामॉल आणि टीव्ही. तिच्या घरात आई आहे. माझी आई. साखर, बीपी, आणि भाची झोपते तिच्याच कुशीत, माजघरात, एका गोधडीत. शाळेतून आली की दप्तर टाकायच्या आधी आजीच्या ताटात हात. रात्री आईचा ऑक्सिजन खाली आला तर आधी गाडी बघायची, मग दापोली, तिथून कळंबणी नाहीतर रत्नागिरी, घाटवळणांनी. गाडीत मागे मांडीवर डोकं घेऊन बसणार वहिनी. मी फोनवर असणार.

म्हणजे मी इथून जो आग्रह धरते तो माझ्याच आईच्या उशाशी जाऊन पोचतो, हे मला ठाऊक आहे. लोकांना वाटतं परदेशात राहणाऱ्यांना हे सुचत नाही. सुचतं. रात्री दोनला सुचतं, आणि तिकडे साडेसात वाजलेले असतात, भाची दात घासत असते.

शिवाय त्या घराबद्दल बोलायचा माझा कागदोपत्री हक्क कधीच संपला. लग्नानंतर एका मे महिन्यात दापोलीला जाऊन मी हक्कसोडपत्रावर सही केली. बाबा म्हणाले, बहिणी करतातच. मीही केली, वर सगळ्यांना आइस्क्रीम खिलवलं. सातबाऱ्यावर आता फक्त दादा. इथे पासपोर्ट झाला पण दुकानात अजून कुणीतरी विचारतंच, मूळची कुठली? दापोली सांगून कुणाला कळत नाही, मग मुंबई सांगते, आणि मुंबईत माझं कुणी नाही. ग्रुपवर मत देते ते बहुधा याचसाठी. जिथे सहीची किंमत उरली नाही तिथे निदान भांडणात तरी जागा मिळते. दादाला ते कळतं की नाही, माहीत नाही. वहिनीला कळतं. म्हणून ती मला ग्रुपवर कधी उत्तर देत नाही, फोन करते.

परवा मी नवा मुद्दा काढला. साठीच्या पुढच्या, आजार असलेल्यांना १० जानेवारीपासून तिसरा डोस सुरू झालाय, आईचा दुसरा डोस होऊन नऊ महिने कधी पुरे होतात ते बघ, तो दे आणि मग मुलीला पाठव. दादा बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "असं कर, आईला तू घेऊन जा तिकडे. उद्याच सही करतो."

मी व्हिसाचे नियम सांगायला लागले. आई-वडिलांना कायमचं आणणं २०१२ नंतर इथे जवळजवळ अशक्य करून ठेवलंय, ते त्यालाही पाठ आहे. त्याने मला पुरतं बोलू दिलं आणि फवारणीवाले आलेत म्हणून फोन ठेवला.

तरीही मी ग्रुपवर पुन्हा लिहिलं आहे. सरपंचांना भेट, शाळा व्यवस्थापन समितीची बैठक लाव, आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांना बोलव, आणि आईला महिनाभर वरच्या खोलीत झोपव. भाचीला सोमवारी शाळेत धाड. अजून कुणाचा अंगठा आलेला नाही.