“नैसर्गिक आहे, चालतं”: ल्युकेमियातली सांधेदुखी आणि कॅप्सूलचा सल्ला

ब्लड कॅन्सरच्या रुग्णांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. क्रॉनिक ल्युकेमियात सांधे दुखत असतील तर पेनकिलर घेऊ नका. हळद-मिरीची कॅप्सूल, गुळवेल, ग्लुकोसामाइन आणि माशाचं तेल सुरू करा. सगळं नैसर्गिक, साइड इफेक्ट शून्य, कॅन्सरच्या गोळीला अडथळा नाही, त्यामुळे डॉक्टरांना विचारायचीही गरज नाही, असं त्यात म्हटलंय. या शेवटच्या वाक्यामुळेच हे लिहायला बसलो.

यातली एक गोष्ट बरोबर आहे. प्लेटलेट कमी असतील किंवा किडनीचा त्रास असेल तर आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्या मनाने घेऊ नयेत. पण म्हणून बाकीचा मेसेज खरा ठरत नाही.

“अडथळा नाही” हा दावा आधी बघू. हळदीच्या कॅप्सूलची डबी हातात घ्या. पुढे मोठ्या अक्षरांत हळद असते. मागे बारीक अक्षरांत बहुतेकदा ‘पायपरिन’ लिहिलेलं असतं, म्हणजे काळ्या मिरीचा अर्क. १९९८ साली बेंगळुरूच्या सेंट जॉन्स मेडिकल कॉलेजमधल्या संशोधकांनी दाखवलं, की २० मिलिग्रॅम पायपरिन सोबत दिलं तर माणसाच्या रक्तात पोचणारं कर्क्युमिन, म्हणजे हळदीतला मुख्य घटक, २००० टक्क्यांनी वाढतं. विक्रेते हा आकडा कौतुकाने छापतात. पण हे घडतं कसं? बाहेरचे पदार्थ मोडून काढणारी आतड्यातली आणि यकृतातली यंत्रणा पायपरिन मंदावतं, आणि ती फक्त हळदीपुरती मंदावत नाही. फिट्सवरच्या फेनिटॉइनची, रक्तदाबाच्या प्रॉप्रानोलॉलची रक्तातली पातळी पायपरिनमुळे वाढल्याचं माणसांवरच्या अभ्यासांत दिसलंय. इमॅटिनिब, डॅसॅटिनिब, निलोटिनिब, इब्रुटिनिब या ल्युकेमियावरच्या गोळ्या शरीरात मुख्यतः सीवायपी३ए४ नावाच्या एन्झाइमने मोडल्या जातात, आणि प्रयोगशाळेत पायपरिन तेच एन्झाइम अडवतं. घरच्या आमटीतल्या हळदीला किंवा मिरपुडीला कुणी घाबरायचं कारण नाही. प्रश्न रोज पोटात जाणाऱ्या अर्काचा आहे.

उलटही घडतं. परदेशातले नातेवाईक मन प्रसन्न राहावं म्हणून ‘सेंट जॉन्स वर्ट’ पाठवतात. तीही वनस्पतीच, पण तिने इमॅटिनिब शरीरातून लवकर बाहेर पडतं आणि रक्तातली पातळी घटते. गोळी वेळेवर घेऊनही आजार डोकं वर काढू शकतो.

गुळवेलीबद्दल “साइड इफेक्ट शून्य” म्हणणाऱ्यांनी मुंबईचा अनुभव बघावा. कोविडच्या काळात गुळवेल घेणाऱ्या ६ जणांच्या यकृताला इजा झाल्याची नोंद तिथल्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने तेव्हा ती मान्य केली नाही. पण पुढे देशातल्या १३ केंद्रांवरच्या ४३ रुग्णांचा अहवाल आला. हळदीच्या कॅप्सूलमुळे यकृताला इजा झालेले रुग्ण अमेरिकेतही नोंदवले गेलेत. आता इमॅटिनिब घेणाऱ्याचा विचार करा. एसजीपीटी (यकृताला इजा झाल्याचं दाखवणारा रक्ततपासणीतला आकडा) वाढलं की डॉक्टरांना पहिला संशय इमॅटिनिबवरच येणार, कारण गुळवेलीचं त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं. मग जीव वाचवणारी गोळी कमी होते किंवा थांबते, आणि खरं कारण फडताळातल्या बाटलीत तसंच राहतं.

माशाचं तेल आणि व्हिटॅमिन ई इब्रुटिनिबसोबत टाळायला सांगतात, कारण त्या गोळीने आधीच रक्तस्रावाचा धोका वाढलेला असतो.

ग्लुकोसामाइन तुलनेने निरुपद्रवी, पण वॉरफरिनसारखी रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर तेही नको. शिवाय फायदा काय? २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या १५८३ जणांच्या चाचणीत गुडघेदुखीवर ते एकूणात औषध नसलेल्या नुसत्या दिखाऊ गोळीपेक्षा सरस ठरलं नाही.

मला सर्वांत जास्त खटकतं ते हे, की मेसेजमध्ये सगळी दुखणी एकच धरली आहेत. इमॅटिनिबने सांधे दुखतात, पोटऱ्यांत गोळे येतात. रक्तातलं फॉस्फेट आणि कॅल्शियमही घटू शकतं. ल्युकेमियात युरिक अ‍ॅसिड वाढून गाऊट (सांध्यांचा एक दुखरा आजार) होऊ शकतो, त्याचा इलाज पूर्ण वेगळा. सीएमएल (क्रॉनिक ल्युकेमियाचा एक प्रकार) आटोक्यात आल्यावर डॉक्टरांच्या देखरेखीखाली गोळी बंद केलेल्यांपैकी साधारण २० ते ३० टक्के लोकांचं अंग आणि सांधे काही महिने दुखतात. तो आजार परत आल्याचा पुरावा नव्हे. साधी व्हिटॅमिन डीची कमतरताही असू शकते. यातलं कोणतं दुखणं आहे हे रक्ततपासणी आणि डॉक्टरांचा हात लागल्यावर कळतं. अगदी कॅल्शियमची गोळी द्यायची ठरली, तरी डॅसॅटिनिब आणि कॅल्शियम कार्बोनेट यांत किमान दोन तासांचं अंतर ठेवावं लागतं.

पुढच्या ओपीडीला फाइलसोबत घरातल्या सगळ्या डब्या, चूर्णं, काढे पिशवीत घालून न्या. नुसतं नाव सांगू नका, मागचं लेबल दाखवा. दुखतंय म्हणून इमॅटिनिब स्वतःहून बंद करू नका. पॅरासिटामॉल किती चालेल तेही विचारून घ्या. यातलं काही आधीच सुरू असेल आणि लघवी गडद होत असेल, डोळे पिवळे दिसत असतील, तर ती कॅप्सूल तिथेच थांबवा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा.