जीन टेस्टमध्ये स्किझोफ्रेनिया ‘निगेटिव्ह’ येत नसतो

‘स्किझोफ्रेनिया रक्तातच असतो. घरात एकाला असेल तर भावंडांना आणि पुढच्या पिढीला होणारच. लग्नाआधी मुलीची जीन टेस्ट करून घ्या. मेंदूत डोपामिन वाढल्याने हा आजार होतो, म्हणून केळी बंद करा. गोळ्यांनी मेंदू सुकतो, त्या सोडा.’ खाली ‘जनहितार्थ’.

हा मेसेज माझ्या सिडकोतल्या मावशीला थेट मुलाकडच्यांनी पाठवला. मावसभावाला स्किझोफ्रेनिया आहे, म्हणजे भास आणि भ्रम होणारा मानसिक आजार. गोळ्या नियमित घेतो, अंबडला एका कारखान्यात पॅकिंगला जातो. लग्नाची बोलणी त्याच्या धाकट्या बहिणीची चालली होती. मेसेजखाली एकच ओळ होती: ‘टेस्ट करून घ्या, मग बैठक ठरवू.’

आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे, तेवढं मान्य. एरवी शंभरात एखाद्याला होणारा हा आजार सख्ख्या भावंडाला असेल तर शंभरात नऊ-दहा जणांना होतो. म्हणजे नव्वद जणांना होत नाही. मग ‘होणारच’ कशाच्या जोरावर लिहिलं? एकसारख्या जुळ्यांची जनुकंही जवळजवळ सारखी असतात, तरी एकाला झाला तर दुसऱ्याला होण्याचं प्रमाण वेगवेगळ्या अभ्यासांत ३३ ते ५० टक्क्यांच्या आसपासच निघालंय. बहुतेक रुग्णांच्या आईवडिलांपैकी कुणालाच हा आजार नसतो.

आता ती टेस्ट. २०२२ साली ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात या विषयावरचा प्रचंड मोठा अभ्यास आला. ७६ हजारांहून जास्त रुग्ण आणि २ लाख ४३ हजारांहून जास्त इतर लोक त्यात होते. स्किझोफ्रेनियाशी संबंध असलेल्या जनुकीय जागा निघाल्या २८७. त्यातली प्रत्येक जागा धोका अगदी किंचित वाढवते, आणि हे बदल धडधाकट माणसांतही सर्रास असतात. माझ्यात असतील, ती टेस्ट मागणाऱ्या मुलातही असतील. एवढ्यावरून अमक्या मुलीला आजार होईल की नाही, हे जगातली कुठलीच लॅब सांगू शकत नाही. एक अपवाद सांगते. काहींच्या २२व्या गुणसूत्राचा बारीक तुकडा जन्मतःच नसतो, आणि त्यांच्यातल्या साधारण चौघांत एकाला पुढे असा आजार होतो. त्याची तपासणी आहे. पण तो प्रकार दुर्मीळ, त्यात बऱ्याचदा हृदयाचे किंवा टाळूचे दोषही असतात, आणि ती करायची की नाही हे डॉक्टर ठरवतात. स्थळ बघायला आलेल्यांनी मागायची ती गोष्ट नाही.

डोपामिन म्हणजे मेंदूतल्या पेशींमध्ये निरोप पोचवणारं रसायन. त्याचंही मेसेजमध्ये अर्धंच सांगितलंय. मेंदूच्या आतल्या एका भागात अनेक रुग्णांचं डोपामिन जास्त तयार होतं, हे स्कॅनमध्ये दिसलंय. कपाळामागच्या भागात मात्र ते उलट कमी पडत असावं, असं मानतात. त्या २८७ जागांमध्ये डीआरडी-२ हे जनुक आहे. बहुतेक औषधं डोपामिनच्या ज्या रिसेप्टरवर, म्हणजे पेशीवर डोपामिन जिथे जाऊन चिकटतं त्या जागेवर, काम करतात, तो यातूनच बनतो. पण त्याच यादीत जीआरआयएन-२ए आहे, आणि त्याचा संबंध ग्लुटामेट या वेगळ्याच रसायनाशी आहे. केळ्यात डोपामिन असतं खरं, पण खाल्लेलं डोपामिन रक्तातून मेंदूत शिरूच शकत नाही. खुशाल केळी खा.

मेसेजमधली सगळ्यात घातक ओळ शेवटची, गोळ्या सोडायची. मावशीने मला लग्नाबद्दल विचारलंच नाही. ‘याच्या गोळ्या कमी करून बघू का गं?’ एवढंच विचारलं. गोळ्यांनी वजन वाढतं, सुस्ती येते, हात थरथरतात, हे खरं आहे आणि त्याचा त्रास त्याला होतो. पण २०१२च्या ‘लान्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात ६५ चाचण्या एकत्र करून पाहिल्या, तेव्हा वर्षभरात आजार उलटण्याचं प्रमाण गोळ्या चालू असलेल्यांत २७ टक्के आणि बंद केलेल्यांत ६४ टक्के निघालं. त्रास होत असेल तर डॉक्टर डोस किंवा औषध बदलून देतात. दवाखान्यात जाणं लगेच जमत नसेल तर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर कधीही, फुकट, मराठीतून बोलता येतं. तोवर आजची गोळी आजच द्यायची.