आयत्या बिळावरचे नागोबा

देशी ड्रोन उघडलं, आत आर्डूपायलट (ड्रोन उडवणारं, कुणालाही वाचता-वापरता येणारं खुलं सॉफ्टवेअर) निघालं, की भारतातून ठरलेला शेरा येतो: ‘स्वदेशी कसलं? आयत्या बिळावर नागोबा!’ २०२५ च्या सुरुवातीला चिनी भागांवरून लष्कराने ४०० ड्रोनचे करार रद्द केले, तेव्हापासून तर भाग आणि कोड यांची पार खिचडी झाली आहे. चिनी चिपच्या पोटात काय चाललंय ते उघडून बघता येत नाही. आर्डूपायलटची ओळ न् ओळ वाचता येते. एवढा फरक ज्यांना कळत नाही त्यांनी स्वदेशीवर बोलू नये, असं मला वाटतं. (सात समुद्रांपलीकडे अमेरिकेत बसून असं वाटणं सोपं असतं, मान्य.)

२०२३ मध्ये संरक्षण मंत्रालयाने विंडोज काढून ‘माया’ ही स्वदेशी संगणकप्रणाली आणायचं ठरवलं, तेव्हा टाळ्या पडल्याच ना? माया उबुंटू या बाहेरच्या, खुल्या प्रणालीवर उभी आहे. तिथे नागोबा आठवला नाही.

१ जून २०२५ ला युक्रेनने रशियाच्या हवाई तळांवर जे ड्रोन सोडले त्यांत आर्डूपायलट होतं. मूळचा हा छंदी लोकांचा कोड, खेळण्यातल्या विमानांसाठी लिहिलेला. युद्ध चालू असताना फ्लाइट कंट्रोलर, म्हणजे ड्रोन उडवणारा कोड, पहिल्या ओळीपासून लिहीत बसायला सवड कुणाला असते?

खरे कष्ट उसन्या कोडमधली गृहीतकं हुडकण्यात आहेत. रिमोटचा संपर्क तुटला की आर्डूपायलटचं कॉप्टर मुळातल्या सेटिंगनुसार उड्डाणाच्या जागी परत येतं. छंदी माणसाला हे वरदान. रणांगणावर जॅमिंगने (शत्रूने रेडिओ लहरी दडपल्याने) संपर्क तुटतो आणि ड्रोन सरळ चालकाकडे निघतं, म्हणजे शत्रूला पत्ताच मिळाला. आपण कुठे आहोत याचा त्याचा अंदाज बिघडला तर ते जमिनीवर उतरतं. शत्रूच्या अंगणातसुद्धा, अलगद. ड्रोन आणि जमिनीवरचं स्टेशन ज्या भाषेत बोलतात, त्या मॅवलिंकचे निरोप मुळात उघडे असतात. तिच्या दुसऱ्या आवृत्तीतली डिजिटल सही चालू केली तर निरोप कुणाचा ते पडताळता येतं, मजकूर मात्र उघडाच राहतो. त्यासाठी सांकेतिकीकरण रेडिओच्या पातळीवर वेगळं करावं लागतं. आणि प्रत्येक यानाचा क्रमांक मुळात १ असतो; दहा यानं एकाच ग्राउंड स्टेशनला जोडा, दहाही ‘मीच एक’ म्हणतात.

म्हणून आवृत्ती गोठवायची, आपले बदल छोट्या, सुट्या पॅचमध्ये (दुरुस्तीच्या तुकड्यांत) ठेवायचे. पॅरामीटरची (सेटिंगांची) फाइलसुद्धा कोडइतकीच कोड आहे, तिचाही इतिहास ठेवायचा. प्रत्येक बदल आधी सिम्युलेटरमध्ये, मग टेबलावर खऱ्या बोर्डवर जीपीएस तोडून, मग एका यानावर. मूळ प्रकल्पापासून महिनोन् महिने फटकून राहिलात, तर तिथल्या दुरुस्त्या तुमच्या कोडवर बसेनाशा होतात. ‘जीपीएल परवान्यामुळे कोड शत्रूला द्यावा लागेल’ ही आणखी एक आवडती भीती. जीपीएल म्हणजे आर्डूपायलटचा खुला परवाना. कोड द्यावा लागतो तो ज्याला सॉफ्टवेअर दिलं त्याला. पुढे वाटण्याचा हक्क त्याला मिळतो हे खरं, पण इथे तो घेणारा म्हणजे आपलंच लष्कर.

‘तुमच्या अमेरिकेत असं चालतं का?’ चालतं, आणि फसतंही. पॅट्रियट ही अमेरिकी हवाई संरक्षण यंत्रणा मुळात विमानं पाडायला बनवली होती. तोच कोड वाढवून क्षेपणास्त्रांसाठी वापरला. वेळ सेकंदाच्या दशांशात मोजायची, आणि ०.१ हा आकडा २४ बिटांत नेमका बसत नाही. शंभर तास सलग चालल्यावर घड्याळ ०.३४ सेकंद चुकलं, म्हणजे स्कड या इराकी क्षेपणास्त्राच्या वेगाने अर्ध्या किलोमीटरहून जास्त. २५ फेब्रुवारी १९९१ ला सौदी अरेबियातल्या धाहरानमध्ये स्कड अडवता आलं नाही आणि २८ अमेरिकी सैनिक गेले. वेळेचं अचूक रूपांतर करणारा नवा कोड काही ठिकाणी घातला होता, सगळीकडे नाही. दोन वेळांतला फरक काढताना दोन्हीकडे सारखीच चूक असती तर वजाबाकीत ती जवळजवळ उडून गेली असती. अर्धवट दुरुस्तीने ती उघडी पाडली. सुधारित सॉफ्टवेअर १६ फेब्रुवारीला तयार होतं. धाहरानला पोचलं २६ ला.

हे तिकडे सांगितलं की मी ‘तिकडचा’ होतो. इकडचा तरी कुठे आहे? एच-वन-बी या कामाच्या व्हिसावर, ग्रीन कार्डच्या रांगेत असलेल्या माणसाला आयटार या अमेरिकी शस्त्र-निर्यात नियमांखालचा कोड परवान्याशिवाय दाखवताही येत नाही. ज्या देशाच्या लष्करी सॉफ्टवेअरचे दाखले मी मायदेशाला ऐकवतो, त्याची एक ओळ मला वाचता येत नाही. मला वाचता येतो तो आर्डूपायलट, कारण तिथे पासपोर्ट कुणी विचारत नाही. दुसऱ्यांनी उभ्या केलेल्या देशात राहून मी हे लिहितोय. नागोबाचा शेरा बहुधा त्यामुळेच इतका झोंबतो.