पाच गोटे कशाला?

धर्मशिक्षणाच्या वर्गाला शिकवायला कुणी मिळत नाही, असं फादर वेदीवरून सांगतात तेव्हा अख्खं चर्च एकदम भाविक होऊन खाली बघायला लागतं. त्या रविवारी मी वर बघत होते. छप्पर यंदाही गळणार का, एवढंच पाहत होते. पण फादरांची आणि माझी नजरानजर झाली आणि मिस्सा संपेपर्यंत तिसरी-चौथीचा वर्ग माझ्या गळ्यात पडलेला होता.

पुस्तक मिळालं, खडू मिळाले, चित्रं चिकटवायला फ्लॅनेलचा बोर्ड मिळाला. वर्षाचा विषय : देवाच्या सामर्थ्यावर भरवसा. नोहा, मोशे, दावीद, यहोशवा, पेत्र, सगळी मातब्बर मंडळी. या गोष्टी मी आजीकडून ऐकलेल्या. आजीला मात्र कुणी उलटा प्रश्न विचारायची सोय नव्हती, कारण तिच्या एका हातात जपमाळ असायची आणि दुसऱ्या हातात उलथनं.

पुस्तक लिहिणाऱ्याने समुद्र पाहिला असावा, पण लांबून. माझी पोरं वसईच्या किल्ल्याशेजारच्या कोळीवाड्यातली. बापाची बोट, काकाची बोट, आईची मासळीची पाटी. मी त्यांना नोहा सांगायला उभी राहिले. चाळीस दिवस आणि चाळीस रात्री पाऊस पडला, हे वाक्य मी आवाज खोल करून म्हटलं आणि थांबले.

"मग?"

"मग काय! सगळी पृथ्वी बुडाली."

"चाळीस दिवसांत? आमच्याकडे चार महिने पडतो."

मी घाईघाईने तारवाकडे, म्हणजे नोहाने माणसं-जनावरं वाचवायला बांधलेल्या जहाजाकडे वळले. लांबी तीनशे हात, रुंदी पन्नास, उंची तीस, आतून-बाहेरून डांबर. डांबराला वर्गाने मान डोलावली. मग "इंजिन केवढं?" इंजिन नव्हतं. "शीड?" त्याचा उल्लेख नाही. "सुकाणू?" त्याचाही नाही. वर्गाने नोहाविषयीचं मत तिथेच बनवलं. शेवटी पहिल्या बाकावरच्या बारक्या पोरीने मुद्द्याचा प्रश्न काढला, "आणि म्हावरं? ते पण घेतलं होतं का बोटीत?" म्हटलं, "नाही गं, ते पाण्यातच राहिलं." "मग ठीक आहे," ती म्हणाली आणि सगळे सैलावून बसले. जगाचा जो भाग त्यांच्या कामाचा होता, तो बुडाला नव्हता.

मोशे इस्राएली लोकांना फारो राजाच्या मिसरातून घेऊन निघाला आणि वाटेत तांबडा समुद्र दुभंगला, त्या रविवारी मी तयारीनिशी गेले होते. बायबलात लिहिलंय की परमेश्वराने रात्रभर पूर्वेचा जोराचा वारा वाहवला. हे मी वाचलं मात्र, मागून आवाज आला, "पूर्वेचा म्हणजे मतलई! तो रात्रीचाच असतो." शाळेतला भूगोल असा नको तिथे उगवतो. "टीचर, पुनव होती का?" आता त्या सुटकेची आठवण म्हणून पाळतात तो वल्हांडणाचा सण येतो पौर्णिमेलाच, आणि इस्राएली लोक निघाले ते त्याच रात्री. मी हे प्रामाणिकपणे सांगून टाकलं आणि वर्ग हातातून गेला. "मग उधाणच! उधाणाला ओहोटी पण लांबवर जाते!" मी ओरडून सांगतेय, अरे, दोन्ही बाजूंना पाण्याच्या भिंती उभ्या राहिल्या होत्या, भिंती! "त्या देवाने केल्या," एकजण मोठ्या मनाने म्हणाला, "बाकीचं वाऱ्याने." फारोचे रथ चिखलात रुतले आणि वरून पाणी आलं, ही गोष्ट मात्र कुणालाही समजावून द्यावी लागली नाही. मुंबईहून आलेल्यांच्या गाड्या किनाऱ्यावरच्या वाळूत रुतलेल्या त्यांनी पाहिल्यात. फारो मुंबईचा होता, हे आमच्या वर्गात आता पक्कं आहे.

आणि मग दावीद. हा पाठ तरी कोरड्या जमिनीवरचा, म्हणून मी जरा निश्चिंत होते.

दावीद ज्या धिप्पाड योद्ध्याशी लढला त्या गल्याथची उंची सहा हात एक वीत. हात म्हणजे कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत, असं सांगितल्यावर वर्गाने ठरवलं की भिंतीवर मापून बघायचं. माप घ्यायला त्यांनी नेमकी ती पहिल्या बाकावरची बारकी निवडली. तिने जमिनीपासून भिंतीवर कोपर टेकायचं, दुसऱ्याने बोटाच्या टोकाशी खडूची रेघ मारायची, तिने रेघेवर पुन्हा कोपर ठेवायचं. चौथ्या हाताला खुर्ची लागली, सहाव्याला खुर्चीवर स्टूल. दोघांनी खुर्ची धरली, एकाने स्टूल, मी पोरीला धरलं आणि वर एक वीत मोजून जाडजूड रेघ ओढली गेली. एवढा सगळा खटाटोप करून गल्याथ भरला फादरांपेक्षा जेमतेम वीतभर उंच. पोरांचा विरस झाला. तेवढ्यात काय गडबड चाललीय म्हणून फादरच आत डोकावले आणि नेमके त्या रेघेखाली उभे राहिले. वर्गाने आधी रेघेकडे पाहिलं, मग फादरांच्या कपाळाकडे. बराच वेळ पाहिलं. फादर काही न विचारता निघून गेले.

मी गोष्ट पुढे नेली. दावीदाने शौल राजाचं चिलखत नाकारलं, हातात गोफण घेतली, ओढ्यातून पाच गुळगुळीत गोटे निवडले...

"पाच?"

"पाच."

"देवावर भरवसा होता ना त्याचा?"

"होता."

"मग पाच गोटे कशाला?"

शिक्षकांच्या पुस्तकात 'मुलांना प्रश्न विचारू द्या' असं चौकट करून छापलंय. त्यापुढे काय करायचं, त्याची चौकट नाही. मी खडू खाली ठेवला, पुन्हा उचलला. पण माझ्या उत्तरासाठी कुणी थांबलंच नव्हतं. "पहिला चुकला असता तर?" "देवाने चुकू दिला नसता." "देवाने नसता दिला, पण गोफणीचा दोर तुटला असता तर?" "बाबा पण जास्तीचं जाळं नेतात." शेवटी कोपऱ्यातल्या लंबूने निवाडा केला, "गोटे आपण घ्यायचे. नेम देवाने धरायचा." मंजूर.

मी घरी जाताना त्याचाच विचार करत होते. १ जून ते ३१ जुलै मासेमारीला बंदी. ती उठली की फादर किनाऱ्यावर येऊन बोटींवर पवित्र पाणी शिंपडतात. नाळेवर, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकावर, क्रूस रंगवलेला असतो आणि त्याच बोटीत जीपीएस, वायरलेस, लाइफ जॅकेट आणि जास्तीचं डिझेल. या घरांत मी भरवसा शिकवणार! माझा स्वतःचा भरवसा सकाळच्या विरार लोकलमध्ये चौथी सीट मिळण्याइतकाही नाही.

यहोशवाने यरीहो शहर घेतलं त्या गोष्टीच्या वेळी मी सावध होते, तरी व्हायचं ते झालंच. सहा दिवस रोज एक फेरी, सातव्या दिवशी सात, रणशिंगं, आरोळी आणि तट कोसळला. "तट आरोळीने नाही पडत टीचर," लंबू म्हणाला. "सुरुंग लावावा लागतो. चिमाजी आप्पांनी लावला होता." ज्या पोरांचं क्रिकेट १७३९ साली पडलेल्या किल्ल्यात चालतं, त्यांना तटबंदीबद्दल काय शिकवणार? मी म्हटलं, चिमाजी आप्पांनी वज्रेश्वरीला नवसही केला होता म्हणतात. वर्ग खूश झाला. नवस पण आणि सुरुंग पण, म्हणजे दावीदासारखंच! तेव्हा आतली पोर्तुगीज मंडळीही देवावरच भरवसा ठेवून बसली होती, हा प्रश्न कुणाच्या डोक्यात आला नाही. देवाचं सामर्थ्य मला त्या दिवशी प्रत्यक्ष दिसलं.

येशूचा शिष्य पेत्र मूळचा कोळीच. त्याच्या जाळ्यात १५३ मोठे मासे गावले, तर "मोजले कोणी?" आणि "वाटे किती पडले?" माशाच्या तोंडातून नाणं निघालं, तर "घोळीच्या पोटात बोत निघतो, तो महाग." (बोत म्हणजे माशाच्या पोटातली हवेची पिशवी.) वादळाच्या गोष्टीत येशू बोटीच्या मागच्या भागात उशी घेऊन झोपला होता, ही जागा मात्र पसंत पडली. पुढे लाटा आपटतात, मागे झोप लागते. बंदरावर वादळाचा बावटा लावला नव्हता का, असं विचारल्यावर मी सांगितलं की गालीलचा समुद्र म्हणजे खरं तर सरोवर, जेमतेम २१ किलोमीटर लांब, गोड्या पाण्याचं. "तळं? पेत्र तळ्यात घाबरला?" नाखवा म्हणून पेत्राची इतक्या महिन्यांत जमवलेली पत एका क्षणात गेली. मग मीच त्याचं वकीलपत्र घेतलं. ते पाणी समुद्रसपाटीच्या दोनशे मीटर खाली, भोवती डोंगर, वारा वरून अचानक कोसळतो, बावट्याला वेळच मिळत नाही. पोरांनी पेत्राला संशयाचा फायदा दिला.

परीक्षा जवळ आल्या तशी लंबूची आई मिस्सानंतर मला गाठायला आली. बाजारातून थेट आली असावी, ओचा अजून खोचलेला होता.

"टीचर, काय शिकवता ओ पोराला? गणिताचं पुस्तक उघडत नाही. म्हणतो, देवावर भरवसा आहे."

मला हर्षच झाला. उत्तर तयार होतं. "त्याला म्हणावं, दावीदाने आधी पाच गोटे गोळा केले होते."

"पाच कशाला?" ती पोराच्या दिशेने वळत म्हणाली. "मला एकच पुरे. माझा नेम चुकत नाही."